सजलेला रस्ता आणि राहता रस्ता

धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे उणकल-हुबळीकडील मराठी वाचकांस मुंबईची वर्णने परकी वाटत नाहीत. त्यांपैकी दोन आम्ही येथे शेजारी ठेवू इच्छितो.

८ नोव्हेंबर १८७५ रोजी युवराज एडवर्ड मुंबईस उतरले आणि त्यांची मिरवणूक देशी वस्तीतून परळच्या सरकारी बंगल्याकडे गेली. सोबतचे पत्रकार विल्यम हॉवर्ड रसेल यांची या दौऱ्याची रोजनिशी १८७७ साली प्रसिद्ध झाली. त्या स्वागताच्या तोरणांत ‘आम्ही सुखी आहोत, असे मातोश्रींस कळवा’ अशा आशयाचा फलक होता, ही हकीकत सर्वश्रुत आहे. रोजनिशीकाराने रस्ता पाहिला तो पाहुण्याच्या लवाजम्यातून. पताकेमागील खोलीत माणसे किती, पाणी कोठून येते, हे तेथून दिसणे शक्यच नव्हते.

गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ याच्या बारा वर्षे आधीचे, १८६३ चे. इंग्रजी राज्याची स्तुती त्यांच्याही ग्रंथात आहे आणि ती आज खटकते. तथापि धंदे, बाजार, तळी, देवळे, जत्रा यांची नोंद करताना ते रोजच्या दिवशी रस्त्याने पायी हिंडलेले दिसतात. आमच्या मते वर्णनपर वाङ्मयाची खरी कसोटी हीच होय.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न नाही. १८९६ साली मांडवीत प्लेग आढळला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्यात दाट वस्ती पाडली गेली. पुढे डोंगरी-उमरखाडीतून सँडहर्स्ट रोड काढण्यात आला. हवा-उजेड हवाच होता, हे नाकारता येणार नाही. परंतु आरंभीच्या काळात घरे पाडण्याच्या मानाने नवी घरे उभी राहिली नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या वस्त्यांत अधिकच दाटली. सणाच्या दिवशी जी वस्ती शोभा म्हणून पाहिली गेली, तीच साथीच्या दिवशी रोग म्हणून पाहिली गेली. दोन्ही वेळी तेथील रहिवाशाची रोजची हकीकत कोणी विचारली नाही.

म्हणून शिक्षक-बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, निबंधाला ‘आमच्या गावातील उत्सव’ हा विषय देताना त्यासोबत उत्सवानंतरच्या सकाळचा रस्ताही लिहावयास सांगावा. माडगांवकरांचे वारस तेथेच घडतील.