रिकाम्या दालनातील मजार

मुस्लिम चित्रकार म्हटले की आपल्या समाजात दोनच गोष्टी निघतात. एक, एम. एफ. हुसेन यांचे नाव. दुसरी, तसबीर हलाल की हराम हा जुना वाद. या गलबल्यात रुम्माना हुसेन हे नाव मराठी वाचकापर्यंत फारसे पोहोचलेच नाही. १९५२ साली बंगळूरला जन्मलेल्या आणि मुंबईत राहून काम केलेल्या रुम्माना यांची गणना भारतातील संकल्पनात्मक कलेच्या सुरुवातीच्या कलावंतांत होते. या कलेत चित्राच्या सुबकतेपेक्षा विचार मोठा असतो. तो मांडण्यासाठी मडके, फळ, लोखंडी अवजार, स्वतःचे शरीर, एवढेच काय, प्रदर्शनाचे दालनही वापरले जाते.

दालन म्हणजे काय, हे आधी पाहू. आपण पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात जातो तेव्हा भिंतींकडे आपले लक्ष नसते. भिंत कुणाचीच नसते. आज एकाची चित्रे, उद्या दुसऱ्याची. रुम्माना यांनी या कुणाच्याच नसलेल्या जागेला प्रश्न विचारला : इथे माझ्या दुःखाला जागा आहे का?

हा प्रश्न ६ डिसेंबर १९९२ नंतरचा. त्याआधी त्या चित्रे रंगवीत. बाबरी मशीद पाडली गेली, मुंबईत दंगली पेटल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत सुमारे ९०० माणसे मेली. एरवी केवळ कलावंत म्हणून जगणाऱ्या बाईला शहराने तिच्या नावावरून ओळखायला सुरुवात केली. रुम्माना यांनी कॅनव्हास बाजूला ठेवला. १९९४ साली जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावरील तेव्हाच्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचे 'फ्रॅगमेंट्स/मल्टिपल्स' हे प्रदर्शन झाले. त्या काळातील त्यांच्या कामांत भाजलेल्या मातीची दुभंगलेली मडकी आणि आरसे येतात. अर्धे मडके उपडे ठेवले की घुमट दिसतो. आरशापाशी ठेवले की ते पुन्हा पूर्ण भासते. हात लावला तर अर्धेच. कसब्यातल्या कुंभारवेशीत लहानपणी ज्याने मडकी पाहिली आहेत, त्याला हे समजायला कलासमीक्षकाची गरज नाही.

१९९५ मध्ये मुंबईच्या एन.सी.पी.ए.च्या आवारात त्या पायांत घुंगरू बांधून, हातात चिरलेली पपई घेऊन, तोंड उघडे ठेवून फिरल्या. तोंडातून आवाज नाही. आपल्या घरांत पोटुशी बाईला पपई देत नाहीत. मूल पडण्याची ही भीती मनात ठेवून ते उघडे फळ आणि ते उघडे तोंड पाहा. दंगलीतली बाई समोर उभी राहते.

या वाटेवरचा मोठा टप्पा १९९७ सालचा. न्यूयॉर्कच्या 'आर्ट इन जनरल' या संस्थेत त्यांनी 'द टूम्ब ऑफ बेगम हजरत महल' मांडले. १८५७ च्या उठावात अवधची गादी सांभाळणारी ही बेगम १८७९ साली काठमांडूत, परदेशात वारली. तिची कबर तिथेच आहे. रुम्माना यांनी तिची मजार परक्या शहरातील दालनात उभारली. हे केवळ इतिहासाचे स्मरण आहे असे मला वाटत नाही. आपल्याकडे जनाजा उठतो तेव्हा बायका उंबरठ्यापर्यंत येतात. मिट्टी पुरुष देतात. हाजी अलीच्या मजारीपर्यंत बायकांना जाता यावे म्हणून २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. अशा समाजातील एका बाईने दुसऱ्या बाईची मजार स्वतः बांधली आणि तिथे कुणालाही येऊ दिले. शहराने जी जागा नाकारली आणि समाजानेही दिली नाही, ती त्यांनी रिकाम्या दालनाकडून मिळवली.

शेवटचे काम 'अ स्पेस फॉर हीलिंग'. कर्करोगाशी झगडत केलेले हे काम १९९९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात लागले. त्याच वर्षी त्या गेल्या. दालन शेंदरी, जमिनीवर स्ट्रेचर, भिंतीवर लोखंडी अवजारे. स्ट्रेचर जानमाजसारखे दिसतात आणि जनाज्यासारखेही. अवजारे अशी लावली आहेत की अरबी लिपीच्या ओळी वाटाव्यात. त्या ओळींत वाचण्यासारखे काही नाही, मग ही नुसती सजावट नव्हे का, अशी शंका मलाही आली. पण आपल्यातील किती जणांना अरबीचा अर्थ कळतो? आपण अक्षरे लावतो, अर्थ श्रद्धेवर सोडतो. रुम्माना ती सवय आपल्यासमोर ठेवतात. अक्षर जवळून पाहिले तर हत्यार निघते, आणि तरीही त्या खोलीत दुआ मागावीशी वाटते.

एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. त्यांच्या स्मृतीतले घर अवधचे आहे. कोकणातली खाला, मालेगावच्या मागावरची बाई, दख्खनी बोलणारी आमची आजी त्यांच्या कामात मला दिसत नाही. केमोल्डचा जिना भेंडी बाजारापासून फार दूर नव्हता, पण तिथली बाई तो सहजी चढणारी नव्हती. आणि हा दोष एकट्या कलावतीचा नाही. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ज्या दशकात आपण आपली कविता आणि कथा शोधत होतो, त्याच दशकात मुंबईत ही बाई तेच प्रश्न मडक्याच्या तुकड्यांतून विचारत होती. आपणही तो जिना चढलो नाही.

आता त्या दालनांची छायाचित्रे पाहायला मिळतात. ती छायाचित्रे आपल्या संमेलनांत, मुलींच्या शाळा-महाविद्यालयांत दाखवली जावीत. तसबिरीचा वाद इथे आड येणार नाही. मडके, स्ट्रेचर आणि अवजारे हराम असल्याचे आजवर कुणी म्हटलेले नाही.