अज्ञाताचं काय करायचं?

परग्रहवासी, समांतर विश्वं, जादूचे वाडे हे सगळं आता सहज उपलब्ध असलेलं सामान आहे. ते कोणालाही मांडता येतं आणि सध्या बरेच जण मांडतातही. त्यामुळे नव्या विज्ञानकथेतली किंवा फँटसीतली कल्पना किती अचाट आहे, याचं मला फारसं अप्रूप उरलेलं नाही. मी पाहतो ते एवढंच की लेखकानं जे अज्ञात उभं केलं आहे, त्याच्यासमोर त्याची माणसं कशी वागतात? अलीकडे लागोपाठ वाचलेल्या तीन पुस्तकांत या प्रश्नाची तीन अगदी वेगळी उत्तरं मिळाली. (शेवट फोडलेले नाहीत, पण कथानकाबद्दल थोडं बोलावंच लागेल.)

पहिलं, अँडी वीअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' (2021). शाळेत विज्ञान शिकवणारा रायलंड ग्रेस एका यानात जागा होतो. त्याला स्वतःचं नावही आठवत नाही, आणि शेजारी दोन सहकाऱ्यांचे मृतदेह आहेत. तो काय करतो? वस्तू खाली टाकतो, त्या पडायला लागणारा वेळ मोजतो, आणि इथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या दीडपट आहे असं गणित मांडतो. पुस्तकाचा सगळा स्वभाव या प्रसंगात आहे. सूर्याची ऊर्जा खाणारे सूक्ष्मजीव असोत की दूरच्या ताऱ्यापाशी भेटलेला रॉकी नावाचा परग्रहवासी, इथे प्रत्येक अज्ञात म्हणजे एक उदाहरण आहे आणि ते सुटतंच. वाचायला मजा येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शाळेतल्या फळ्यावर मेलेलं भौतिकशास्त्र इथे जीव वाचवताना दिसतं.

पण रॉकीचं काय? त्याला डोळे नाहीत, तो आवाजानं पाहतो. त्याच्या घरची हवा अमोनियाची, दाब आपल्या 29 पट, तापमान 210 अंश सेल्सिअस. तो सुरावटींतून बोलतो. इतकं परकेपण रचल्यावर वीअर लॅपटॉपवर एक शब्दसूची तयार करवतो आणि थोड्याच दिवसांत दोघं एकमेकांची थट्टा करू लागतात. शरीर परकं, पण मन मात्र शेजारच्या वर्कशॉपमधल्या एखाद्या हुशार मिस्त्रीचं. टेड चँगच्या 'स्टोरी ऑफ युअर लाइफ'मध्ये (1998) परग्रहवासीयांची लिपी शिकणाऱ्या भाषातज्ज्ञ बाईचं काळाचं भानच बदलतं. तिथे शिकण्याची किंमत मोजावी लागते. इथे शिकणं फुकट आहे.

एक अपवाद मात्र सुंदर आहे. रॉकीच्या लोकांत झोपलेल्यावर कोणीतरी लक्ष ठेवायचं असतं, म्हणून तो ग्रेस झोपल्यावर त्याच्याकडे पाहत बसण्याचा आग्रह धरतो. ग्रेसला ते विचित्र वाटतं, पण तो मान्य करतो. यात सोडवण्यासारखं काही नाही, फक्त दुसऱ्याची रीत पाळायची आहे. संपूर्ण पुस्तकात मला सर्वांत परग्रही वाटलेली गोष्ट हीच.

दुसरं, लिऊ त्सिशिनचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम'. मूळ चिनी पुस्तक 2008चं. केन लिऊनं केलेल्या इंग्रजी अनुवादाला 2015 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. वर्ष 1967, चीनमधली सांस्कृतिक क्रांती. ये वेन्जिए ही तरुणी पाहते, की भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असलेले तिचे वडील भर सभेत रेड गार्ड्सच्या मारानं मरतात. पुढे एका लष्करी संशोधनतळावर तिला अंतराळातून संदेश येतो: उत्तर देऊ नका, दिलंत तर तुमच्या जगावर चाल करून येतील. ती उत्तर देते. हा निर्णय पटतो, कारण माणसांनी माणसांचं काय केलं हे आपण तिच्या सोबत पाहिलेलं असतं. कादंबरीचा खरा पाया हाच आहे. त्यापुढे सध्याच्या काळातला तपास करणारा शास्त्रज्ञ वांग मिआओ फारच पातळ वाटतो. तो केवळ आपल्याला एका कल्पनेकडून दुसरीकडे नेणारा वाटाड्या आहे.

मालिकेच्या दुसऱ्या भागात, 'द डार्क फॉरेस्ट'मध्ये, लिऊ आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडतो: विश्व हे अंधारं अरण्य आहे, प्रत्येक संस्कृती हा बंदूकधारी शिकारी आहे, आणि समोर कोणी दिसलं की आधी गोळी झाडणं हेच शहाणपण. गृहीतकं मांडून, भूमितीतल्या प्रमेयासारखं हे सिद्ध केलेलं असल्यामुळे अनेक वाचक ते विश्वाबद्दलचं सत्य म्हणूनच उद्धृत करतात. मला ती भीती वाटते, सिद्धता नव्हे. 'तो माझ्यावर विश्वास ठेवेल का, हे मला कळणार नाही, म्हणून त्याला संपवतो' हा युक्तिवाद पृथ्वीवर आपण पुष्कळ ऐकलेला आहे. गंमत म्हणजे त्याचा प्रतिवाद लिऊच्याच कथेत आहे. 'उत्तर देऊ नका' असं कळवणारा तो दूरच्या ग्रहावरचा एकटा श्रोता स्वतःच्या जगाशी द्रोह करून अनोळखी जगाला वाचवू पाहतो. प्रमेयात त्याला जागा नाही, कादंबरीत आहे. लिऊलाही हे ठाऊक असावं, कारण दुसऱ्या भागाच्या अखेरीस तो त्या श्रोत्याकडे पुन्हा वळतो.

तिसरं, सुझॅना क्लार्कचं 'पिरानेसी' (2020). काल्पनिक तुरुंगांची चित्रं काढणाऱ्या अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचं नाव इथल्या निवेदकाला चिकटलं आहे. तो एका अमर्याद वास्तूत राहतो. दालनांमागून दालनं, सगळीकडे पुतळे, खालच्या मजल्यांवर समुद्र, वर ढग. तो भरती-ओहोटीची कोष्टकं ठेवतो, मासे पकडतो, तिथे सापडलेल्या तेरा मृतांच्या अस्थींची देखभाल करतो. अल्बट्रॉस पक्षी आला, त्या घटनेवरून वर्षाला नाव देतो. आठवड्यातून दोनदा त्याला भेटणारा दुसरा माणूस मात्र या वास्तूत दडलेलं एक महान ज्ञान शोधतो आहे. ते मिळालं की तिच्याशी त्याला काही कर्तव्य नाही.

निवेदकाच्या हळूहळू लक्षात येतं की या शोधामुळे आपण घराला कोडं समजू लागलो होतो. कोडं सुटलं की ते टाकून देता येतं. घर तसं टाकता येत नाही. ही जाणीव वीअर आणि लिऊ दोघांनाही उत्तर देते. निवेदक अडाणी नाही. त्याची निरीक्षणं काटेकोर आहेत, कोष्टकं अचूक आहेत. पण त्याला माहिती हवी आहे ती तिथे नीट राहता यावं म्हणून. पुस्तकात उणंही आहे. उत्तरार्धात रहस्याचा उलगडा सुरू झाला, की गद्य थोडं पोलीस-तपासाचं होतं, आणि खलनायक फारच सरळ खल निघतो. तरी शेवटची काही पानं सगळं सावरतात.

हे वाचताना मराठीतलं आठवणं अपरिहार्य होतं. 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवणाऱ्या जयंत नारळीकरांनी आपल्याला समजावून सांगणारी विज्ञानकथा दिली. नारायण धारपांच्या समर्थकथांत अमंगळाचा बंदोबस्त होतो. म्हणजे अज्ञात एक तर समजून घ्यायचं किंवा हुसकून लावायचं. तिसरी वाट मला मराठीत या शिक्क्याबाहेर दिसते. जी. ए. कुलकर्णींच्या 'स्वामी'मध्ये मठात कोंडला गेलेला माणूस हवेच्या वाटेनं बाहेर जाणारा वेल वाढवतो. जीएंचं जग क्लार्कपेक्षा कितीतरी निर्दय आहे, तिथे घर प्रेमळ नाही. पण कोंडलेल्या माणसानं त्या जागेशी नातं जोडणं, हे दोन्हीकडे आहे. जीएंना आपण फँटसीच्या कप्प्यात ठेवत नाही. त्यात नुकसान जीएंचं नाही, कप्प्याचं आहे. मराठीत फँटसी नाही अशी तक्रार करत आपण इंग्रजी मालिकांचे नववे-दहावे भाग वाचत राहतो.

चौदा वर्षांच्या मुलाला मी डोळे झाकून 'प्रोजेक्ट हेल मेरी' देईन. लिऊ वाचावा, पण त्याचं प्रमेय पाठ करण्याआधी त्या एकट्या श्रोत्याला विसरू नये. पुन्हा वाचीन ते मात्र 'पिरानेसी'. त्याचं रहस्य आता मला माहीत आहे, आणि तरी ती दालनं जराही लहान झालेली नाहीत.