आश्रय आणि आपलेपण : 'स्मृतिचित्रे'कडून नंदुरबारकडे

मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाची चर्चा बहुधा बाप्तिस्म्याच्या प्रसंगाभोवतीच फिरत राहते. त्यामुळे एक प्रश्न निसटतो : धर्मांतरिताला नव्या समुदायात आश्रय मिळतो की आपलेपण? १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरितांचा वारसाहक्क राखला. पंक्तीतले पान मात्र कोणताही कायदा परत देऊ शकत नव्हता.

बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मध्ये (१८५७) हे अंतर जवळपास पुसले जाते. विधवा यमुनेला ख्रिस्ती समाजात पुन्हा संसार मिळतो आणि कथा थांबते. त्या समाजात नांदायचे कसे, हे सांगण्याची गरज लेखकाला भासत नाही. समुदाय हे येथे केवळ मुक्कामाचे ठिकाण आहे.

'स्मृतिचित्रे'चे मोल येथे कळते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत जातीने, सोवळ्याने आणि पतीच्या विरहाने निर्माण केलेला पेच लक्ष्मीबाई तत्त्वचर्चेत नव्हे, पाणी आणि चूल यांच्या भाषेत मांडतात. त्यांच्या विनोदाची वाहवा पुष्कळ झाली. तो विनोद परकेपणाचे ओझे हलके करण्याची युक्ती आहे, याकडे मात्र टीकेने पुरेसे पाहिलेले नाही. शिवाय आत गेल्यावर प्रश्न मिटला असेही नाही. खुद्द टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' उभारला. मिशनचे छत्र त्यांना आश्रय देत होते. घर देत नव्हते.

ही सारी परंपरा एकट्या, बहुधा उच्चवर्णीय, धर्मांतरिताची आहे. तिची मापे नंदुरबार जिल्ह्याला लावली की तोकडी पडतात. नवापूर परिसरातील मावची, गावित व भिल्ल ख्रिस्ती कुटुंबांच्या बाबतीत 'समाज सोडला' हे क्रियापदच संशयास्पद ठरते. येथे कुळ, बोली आणि शेजार यांच्यासह माणसे चर्चमध्ये बसतात. एक विरोधाभासही आहे : मराठी बायबल आणि टिळकांची मराठी भजने ज्यांच्या उपासनेत आली, त्यांची घरची बोली मराठी नव्हे. टिळकांना जी भाषा वारशाने मिळाली होती, ती येथे उपासनेबरोबर शिकावी लागते.

आज या आपलेपणाला आव्हान मिळते ते दुसऱ्या बाजूने. अनुसूचित जमातीच्या दर्जाला घटनेने धर्माची अट घातलेली नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात ती आहे. तरीही ख्रिस्ती आदिवासींना सूचीतून वगळावे, अशी मागणी होत असते. चर्चमध्ये सापडलेले घर आणि आदिवासी म्हणून असलेले घर यांत निवड करा, असा तिचा अर्थ होतो. लक्ष्मीबाईंसमोर अशीच निवड होती, पण ती त्यांच्या स्वयंपाकघरातली होती. नवापूरच्या वाचकासमोर ती दाखल्याच्या रकान्यात उभी राहते, आणि तिचे 'स्मृतिचित्रे' अजून मराठी समीक्षेच्या टेबलावर आलेले नाही.