नाहरगडावरचा पुरावा : सत्यजित राय यांची इतिहासदृष्टी आणि विज्ञानकथेचा रसिक

भारतीय भाषांतील विज्ञानकथेचा रसिक कसा घडला, याचा शोध घेताना बंगालीचा दाखला टाळता येत नाही. १९६३ मध्ये अद्रीश बर्धन यांनी ‘आश्चर्य’ हे मासिक सुरू केले. १९६६ मध्ये कलकत्त्यात ‘सायन्स फिक्शन सिने क्लब’ स्थापन झाला आणि सत्यजित राय त्याचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी आकाशवाणीसाठी चार लेखकांनी मिळून रचलेल्या ‘सबुज मानुष’ या कथेत प्रेमेंद्र मित्र यांच्यासमवेत रायही सहभागी होते. विज्ञानकथेच्या वाचकांवरील त्यांच्या प्रभावाची चर्चा बहुधा ‘द एलियन’ या १९६७ च्या, पडद्यावर न आलेल्या संहितेपाशी अडखळते आणि तेथून स्पीलबर्गच्या ‘ई. टी.’कडे (१९८२) वळते. हा वाद रंजक असला तरी वाङ्मयीन दृष्ट्या फारसा फलदायी नाही. राय यांचे खरे देणे त्यांच्या इतिहासाच्या आणि साहित्याच्या व्यासंगातून आले आहे. ज्या कृतीला कोणी विज्ञानकथा म्हणत नाही, त्या ‘सोनार केल्ला’त (कादंबरी १९७१, चित्रपट १९७४) ते अधिक स्पष्ट दिसते, त्यातही जयपूरच्या प्रसंगात.

कथेतील मुकुल या मुलाला पूर्वजन्म आठवतो. त्या आठवणीत सोन्याचा किल्ला आहे, मोर आहेत, लढाई आहे. डॉ. हेमांग हाजरा हे परामानसशास्त्रज्ञ त्याला घेऊन राजस्थानात येतात आणि जयपूरच्या नाहरगडावर त्यांना कड्यावरून ढकलून दिले जाते. कादंबरीचा निवेदक तोपशे असल्यामुळे जे त्याला दिसत नाही ते वाचकालाही दिसत नाही. चित्रपटात मात्र राय यांनी हे कृत्य उघड दाखवले. गुन्हेगार कोण, हे कुतूहल त्यांनी आपण होऊन सोडून दिले. मग प्रेक्षकासाठी उरते ते दुसरे रहस्य : मुलाच्या आठवणीला पुरावा कोणता?

जयपूरची निवड येथे केवळ नयनरम्य पार्श्वभूमी म्हणून पाहता येणार नाही. १९६० च्या दशकात राजस्थान विद्यापीठात परामानसशास्त्राचा विभाग होता. त्याचे प्रमुख हेमेंद्रनाथ बॅनर्जी पूर्वजन्मस्मृतीच्या घटना गोळा करीत आणि त्यांना ‘मेंदूबाह्य स्मृती’ अशा अर्थाची संज्ञा वापरीत. हाजरा हे पात्र त्यांच्यावरून बेतले, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. अशा संशोधनाला त्या काळी याच शहरात विद्यापीठीय आसरा होता, एवढे पुरे. शिवाय नाहरगड १७३४ मध्ये बांधला तो सवाई जयसिंगाने, म्हणजे जंतरमंतरच्या कर्त्यानेच. (परंपरेने महाराष्ट्रीय मानला जाणारा सम्राट जगन्नाथ याच दरबारात होता. त्याने टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. तौलनिक अभ्यासकांनी या अनुवादाकडे वळायला हवे.)

मुकुलच्या आठवणीचा निवाडा होतो तो मात्र एका वाक्प्रचाराने. बंगालीत ‘सोन्याची पाथरबाटी’ म्हणजे असू न शकणारी वस्तू : सोन्याची, तरीही दगडाची वाटी. पिवळ्या दगडाची वाटी पाहून फेलूदाला जैसलमेरच्या पीतवर्णी किल्ल्याचा उलगडा होतो. अशक्याचे नाव असलेला भाषेतील शब्द भूस्तराच्या साक्षीने शक्य ठरतो. म्हण, खडक आणि इतिहास यांची ही साखळी राय यांच्या विज्ञानकथांच्या रचनेशी थेट जुळते. प्रोफेसर शंकूच्या ‘एकशृंग अभियान’मध्ये असंख्य माणसांनी युगानुयुगे विश्वास ठेवलेले काल्पनिक प्राणी तिबेटच्या एका दुर्गम प्रदेशात खरोखर नांदतात. मुकुलचा किल्ला आणि शंकूचा एकशृंग एकाच जातकुळीचे आहेत. शंकूचे मूळ सुकुमार राय यांच्या ‘हेशोराम हुशियारेर डायरी’त, म्हणजे कॉनन डॉयलच्या विडंबनात आहे, हेही विसरता कामा नये. या विज्ञानकथेला प्रयोगशाळेइतकेच ग्रंथालयही लागते.

मराठीत याच्याशी ताडून पाहावी अशी कथा जयंत नारळीकरांची : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तेथेही नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे. १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेल्या जगातून तो परततो आणि खिशात बखरीचे फाडलेले पान घेऊन येतो. त्या पानावर विश्वासरावांना गोळी चाटून गेलेली असते. ते पान मराठी विज्ञानकथेतील सर्वांत देखणा पुरावा म्हणावा लागेल. पण पुढे राजेंद्र देशपांडे पुंजसिद्धांताच्या आधारे खुलासा करतो आणि वाचकाला विद्यार्थ्याच्या बाकावर बसवतो. मराठी विज्ञान परिषदेच्या (स्थापना १९६६) प्रबोधनपर वातावरणात वाढलेल्या या वाङ्मयप्रकाराला हा खुलासा अपरिहार्य वाटला, हे समजण्याजोगे आहे. कथेचे त्यात नुकसान झाले, हेही खरे.

राय खुलासा करीत नाहीत. किल्ला सापडतो, खजिना सापडत नाही. मुकुलला घरी परत जायचे असते. पुनर्जन्म सिद्ध झाला की नाही, हे चित्रपट सांगत नाही. विज्ञानकथेच्या रसिकाला याचे आकर्षण वाटते, कारण तर्क करण्याचे काम त्याच्याकडेच राहते. संदीप राय यांच्या ‘प्रोफेसर शंकू ओ एल डोराडो’ने (२०१९) शंकू पडद्यावर आणला तेव्हा दृश्यचमत्कारांची सोय पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक होती. मराठीत अशोक जैन यांच्या अनुवादांतून फेलूदा आला तो रहस्यकथांच्या कप्प्यात. शंकूच्या शेजारी ठेवून त्याचे वाचन अजून व्हायचे आहे.