बाप्तिस्म्याआधीची पाच वर्षे

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातला प्रांजळपणा, विनोद, घरगुती बोली यांचे कौतुक तर शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून चालत आलेले आहे. परंतु या आत्मचरित्राच्या मध्यभागी जे धर्मांतर आहे, त्याचा विचार आला की समीक्षा चटकन एका ठरलेल्या वाक्यावर येते : पतीच्या पाठोपाठ पत्नीही ख्रिस्ती झाली. हे वाक्य घटना म्हणून खरे आहे, पण पुस्तकाचे वाचन म्हणून अपुरे आहे, असे माझे मत आहे. ते मान्य केले तर लक्ष्मीबाईंची श्रद्धा हा पातिव्रत्याचाच एक प्रकार ठरतो, आणि ज्या ‘मी’ने हे पुस्तक लिहिले, तो ‘मी’च आपण त्यांच्याकडून काढून घेतो.

आधी तारखा पाहू. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा झाला 1900 साली, राहुरीत. मधली पाच वर्षे कुठे गेली? विरह, पंढरपूरचा मुक्काम, नातलगांचा आधार आणि त्यांचाच धाक, मुलाची काळजी असा तो काळ आहे. नवऱ्याजवळ परतल्यावरही त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी निराळे ठेवले. निव्वळ अनुगमनच करायचे असते, तर एवढा उशीर लागण्याचे कारण नव्हते. या विलंबातच त्यांची ओळख घडली.

पुस्तकाच्या आरंभीच वडिलांचे सोवळे येते. हे सोवळे घरातल्या प्रत्येक माणसाचा दिवस ठरवते. लक्ष्मीबाई त्याची गंमत सांगतात, तरी त्यातला जाच वाचकाला कळल्याशिवाय राहत नाही. लहानपणी अंगात मुरलेली ही शिवाशीव पुढे सुटते, ती कुणाच्या प्रवचनाने नव्हे. देवाने माणूस केला, जात माणसाने केली, असा विचार त्यांचा त्यांनाच सुचतो. कुणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे असा निश्चय त्या करतात, तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा अजून व्हायचा असतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी जात गेली, मग ख्रिस्त आला. टिळकांची वाट वेगळी होती. त्यांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांची पकड घेतली. एकाची सुरुवात ग्रंथातून झाली, दुसरीची पाण्याच्या भांड्यातून.

या निराळेपणाची जात ओळखायची तर आणखी दोन आत्मकथने शेजारी ठेवावी लागतात. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ 1888चे. वाचन, वादविवाद, संशय आणि अखेर 1854 मधला बाप्तिस्मा अशी त्याची चढण आहे. नावातच अंधार आणि उजेड यांची विभागणी आहे. पंडिता रमाबाईंचे मात्र असे एका पहाटेत उजाडले नाही. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी आपल्या गुरुभगिनीशी घातला. पुढे स्वतःची साक्ष लिहिताना, आपल्याला आधी ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर भेटला, असा भेद त्यांनी केला. म्हणजे रमाबाईंची ओळख चर्चच्या नोंदवहीत पुरी झाली नाही. ती नोंद झाल्यावर त्यांचा झगडा पुढे चालू राहिला. लक्ष्मीबाईंचा झगडा नोंदीच्या आधीचा. दोघींच्याही बाबतीत बाप्तिस्म्याचा दिवस हा केवळ एक दिवस आहे.

‘अरुणोदय’शी तुलना केली की आणखी एक गोष्ट दिसते. ‘स्मृतिचित्रे’त मागे टाकलेले जग काळे रंगवलेले नाही. नणंदा, दीर, शेजारणी, पंढरपूरची माणसे या साऱ्यांवरचा लोभ तसाच राहतो. नवा देव मिळाला म्हणून जुनी माणसे त्यांनी खोटी ठरवली नाहीत. आणि नवरा? त्या काळच्या बायकांनी नवऱ्याचे नाव घ्यायचे नसे. लक्ष्मीबाई सबंध पुस्तकभर ‘टिळक’ म्हणतात. त्यांचा लहरीपणा, राग, उधळेपणा, थोरपणा सगळे त्याच आवाजात सांगतात. माझ्या मते ज्या स्त्रीची श्रद्धा उसनी असेल तिला हा आवाज सापडणे कठीण.

यावर एक आक्षेप घेता येईल. टिळक ख्रिस्ती झाले नसते, तर लक्ष्मीबाई झाल्या असत्या का? बहुधा नाही. शिवाय हे लेखन घटनेनंतर तीसपस्तीस वर्षांनी झालेले आहे. 1934 पासून ते भागाभागाने पुस्तकरूपात येत गेले. एवढ्या अंतरावरून आठवण स्वतःला सोयीचा आकार देते. हे दोन्ही मुद्दे मी नाकारत नाही. मात्र पहिल्याने एवढेच सिद्ध होते की प्रश्न नवऱ्याने आणला. उत्तर कुणाचे, हे त्यातून ठरत नाही. दुसऱ्या मुद्द्याने माझे म्हणणे उलट बळावते. 1919 साली टिळक गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि ही स्मृतिचित्रेही लिहिली. पतीचे काव्य पूर्ण करणारी बाई आपली कथा मात्र आपल्या क्रमाने सांगते. त्या क्रमात पाच वर्षांचा नकार ती झाकत नाही.

आपल्या वाङ्मयेतिहासांत ‘मराठी ख्रिस्ती साहित्य’ नावाचे एक वेगळे कपाट असते. ‘स्मृतिचित्रे’ तेवढे अपवाद म्हणून बाहेर काढून मुख्य दालनात ठेवले जाते, तेही पुष्कळदा त्यातली श्रद्धा बाजूला सारून, विनोदापुरते. मला वाटते, हा मान अर्धाच आहे. लक्ष्मीबाईंचा ख्रिस्त वगळला, तर वडिलांच्या सोवळ्यापासून निघालेली वाट कुठे पोचली तेच कळत नाही. आणि त्यांचा नकार वगळला, तर ती वाट त्यांची स्वतःची होती हेही कळत नाही. दोन्ही एकत्र वाचले तरच त्यांचा ‘मी’ पुरता ऐकू येतो.