‘गांवगाडा’ आणि गांवची सामायिक जमीन

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास आतां शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. मराठी गद्यांतील मानाच्या ग्रंथांची यादी करावयास बसलें म्हणजे त्याचें नांव हटकून घेतलें जातें; पण नांव घेणारांपैकीं किती जणांनीं तो अथपासून इतिपर्यंत वाचला असेल याविषयीं आम्हांस शंका आहे. आम्हीं स्वतः विद्यार्थिदशेंत तो परीक्षेपुरताच चाळला होता हें कबूल केलें पाहिजे. पुढें पुष्कळ वर्षांनीं तो पुन्हां हातीं घेण्यास एक क्षुल्लक प्रसंग कारण झाला. सटाण्यास आमच्या वर्गांत ‘गायरान’ या शब्दाचा अर्थ आम्हीं सहज विचारला. एक विद्यार्थी म्हणाला, “सरकारी पडीक जमीन.” दुसऱ्यानें सांगितलें, “जिच्यावर अतिक्रमण होतें ती.” वर्ग हंसला. गाईंचें नांव मात्र कोणींच घेतलें नाहीं. हीं सारीं मुलें बागलाणांतल्या शेतकऱ्यांचीं; कांदा आणि डाळिंब यांचे भाव त्यांस तोंडपाठ. त्यांच्या आजांस जो शब्द रोजच्या भाकरीसारखा होता तो नातवांस कचेरीच्या भाषेंतून कळावा, हें आम्हांस चटका लावून गेलें. त्या रात्रीं आम्हीं ‘गांवगाडा’ उघडला.

आत्रे महसूल खात्यांतले. खेडें त्यांनीं घोड्यावरून जातां जातां पाहिलेलें नाहीं. दप्तरांतून, चावडींतून आणि पिकाच्या खळ्यावरून पाहिलें आहे. काळी म्हणजे लागवडीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. या दोहोंवर पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, अलुतेदार यांचे वंशपरंपरेचे हक्क कसे बसलेले आहेत, कोणाचा वांटा खळ्यावर किती, कोणाचा मान सणास कोणता, हें त्यांनीं ज्या बारकाईनें मांडलें आहे तशी बारकाई मराठींत त्यांच्यापूर्वीं आम्हांस दिसत नाहीं. त्यांची भाषा म्हणजे या ग्रंथाचें अर्धें वैभव होय. शेतकी, गुरेंढोरें, देणेंघेणें, कज्जे यांचे शेकडों शब्द तेथें जिवंत आहेत. ते कोशांतून उचललेले नाहींत, वापरांतून आलेले आहेत. दोषहि त्याच जातीचे. शब्दांची दाटी कधीं कधीं इतकी होते कीं वाक्य खळ्यावरच्या राशीसारखें पसरतें आणि मुद्दा शोधावा लागतो. शिवाय आत्र्यांचें खेडें हें कोणतेंहि एक खेडें नव्हे, सर्व महाराष्ट्राचें सरासरी खेडें आहे. नारायण गोविंद चापेकरांनीं १९३३ सालीं बदलापूर या एकाच गांवाचा धांडोळा घेतला, तेव्हां ही उणीव कांहीं अंशीं भरून निघाली.

परंतु ‘गांवगाडा’ हें खेड्याचें स्तोत्र आहे अशी जी एक समजूत न वाचणारांत पसरली आहे, ती साफ चुकीची आहे. मेटकाफनें १८३० सालीं हिंदुस्थानांतील खेड्यांस लहान लहान प्रजासत्ताकें म्हटलें, आणि तेव्हांपासून खेड्याच्या प्राचीन स्वयंपूर्णतेवर लिहिणारांस उधाण आलें. आत्रे त्या मेळ्यांत सामील होत नाहींत. वतनी हक्क मिळाला म्हणजे काम करण्याची गरज उरत नाहीं, बलुतेदार काम टाळतो आणि वांटा मात्र सोडीत नाहीं, वर मागते आणि फिरस्ते येतात, आणि या साऱ्यांचें ओझें शेवटीं कुणब्याच्या पाठीवर पडतें, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त आहे. गाडा जुना झाला, त्याचीं चाकें कुरकुरतात, तो मोडून नवा बांधावा असा त्यांचा कल आहे. हा स्पष्टपणा आम्हांस आदरणीय वाटतो. रूढीचे गोडवे गाणें सोपें; रूढीचा हिशेब मांडणें कठीण.

आतां आमची तक्रार. आत्र्यांचा हिशेब हा हक्कदारांचा हिशेब आहे. प्रत्येक मनुष्य गांवाकडून काय घेतो हें ते नेमकें सांगतात. सारे मिळून गांव काय राखतें याकडे त्यांचें लक्ष त्या मानानें थोडें जातें. कुरण, वनवा, पाणोठा, नदीचा पाट हीं ज्या सामायिक शिस्तीनें टिकतात ती शिस्त त्यांच्या ग्रंथाच्या केंद्रस्थानीं कधींच येत नाहीं. यास कारण त्यांची नोकरी असावी असें आम्हांस वाटतें. महसूल खात्याच्या वहींत जमीन दोनच प्रकारची असते: जिच्यावर कोणाचें तरी खातें आहे ती, आणि जिच्यावर कोणाचेंच नाहीं ती. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमानें जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाहीं ती सरकारची ठरली, आणि ३८ व्या कलमानें त्यांतील कांहीं भाग गुरांच्या मोफत चराईसाठीं राखून ठेवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस मिळाला. म्हणजे गांवानें पिढ्यान्‌पिढ्या राखलेलें कुरण एका कलमानें सरकारचें झालें, आणि दुसऱ्या कलमानें तें मेहेरबानी म्हणून गांवास परत मिळालें. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत २० आणि २२ या कलमांनीं हाच संसार पुढें चालूं ठेवला. आमच्या विद्यार्थ्यानें ‘सरकारी पडीक’ असें उत्तर दिलें तें कायद्याच्या दृष्टीनें फारसें चूक नव्हतें, हीच दुःखाची गोष्ट होय.

वहींत न मावणारी अशी एक व्यवस्था आमच्या तालुक्यांत डोळ्यांपुढें होती. मोसम, आरम, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे नाशिक आणि धुळें या जिल्ह्यांत, फडपद्धति कित्येक शतकें चालत आली. नदीवर दगडी बंधारा घालावयाचा, त्यांतून पाट काढावयाचा, पाटाखालीं भिजणाऱ्या साऱ्या जमिनीस थळ म्हणावयाचें, आणि थळाचे तीनचार फड पाडावयाचे. कोणत्या फडांत यंदा ऊस, कोणत्यांत हंगामी पीक आणि कोणता पडीत, हें गांवकरी दर वर्षीं बसून ठरवीत. एका फडांत पीक एकच. त्यामुळें पाण्याची पाळी एका मापाची आणि भांडणास जागा थोडी. पाणी फिरविण्यास पाटकरी, त्याच्यावर हवालदार, राखणीस जागले. त्यांचा मोबदला पाणी घेणारांनींच द्यावयाचा. पाटांतला गाळ काढावयास प्रत्येक घरचा मनुष्य हजर. नियम कागदावर नव्हते, पण ते मोडण्याची छाती सहसा कोणाची होत नसे.

येथें जमीन ज्याची त्याची होती, परंतु तींत काय पेरावें हें एकट्याच्या इच्छेवर नव्हतें. ही खासगी मालकी म्हणावी कीं सामायिक? ‘गांवगाड्या’च्या चौकटींत या प्रश्नास जागा सांपडत नाहीं, कारण ती चौकट वतनाची आहे आणि फड हा वतनावर चालत नाहीं, संमतीवर चालतो. आज हे फड बहुतेक ठिकाणीं मोडकळीस आले आहेत. घरोघर विहिरी झाल्या, विजेचे पंप बसले, वरच्या अंगास धरणें झालीं. ज्यानें त्यानें आपलें पाणी आपण पाहावें असें झालें. त्यांत ज्यांचें पिकलें त्यांचें भलें झालें हें आम्ही नाकारीत नाहीं. पण पाणी भूगर्भांत खोल गेलें म्हणजे तें कोणी राखावयाचें याचें उत्तर एकट्याच्या विहिरीपाशीं नसतें.

या प्रश्नाची चर्चा जगांतहि पुष्कळ झाली आहे. १९६८ सालीं गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें असें प्रतिपादन केलें कीं सामायिक कुरण उजाड होणारच, कारण प्रत्येक जण आपलें एक गुरूं जास्त सोडणारच. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीनें १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत निरनिराळ्या देशांतील कुरणें, वनें आणि पाट यांचीं उदाहरणें देऊन दाखविलें कीं जेथें वापरणारेच नियम करतात, राखण करतात आणि मोडणारास दंड करतात, तेथें सामायिक वस्तु शतकानुशतकें टिकते. त्यांस २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या मोसमकांठच्या पाटकऱ्यास हें ऐकून नवल वाटलें नसतें. मोझांबिक देशानें १९९७ च्या कायद्यांत जमीन सरकारची ठेवली, तरी रूढीनें कसणाऱ्या समाजांचा हक्क लेखी कागदावांचूनहि मान्य केला. केनियानें २०१६ सालीं सामुदायिक जमिनीचा स्वतंत्र कायदा केला. उलट मेक्सिकोनें राज्यक्रांतीनंतर गांवांस दिलेल्या सामायिक जमिनी वांटण्याची आणि विकण्याची वाट १९९२ सालीं मोकळी केली. गांवची जमीन गांवाकडे असावी कीं नसावी, हा वाद केवळ आमच्या चावडीवरचा नाहीं.

येवढें म्हटल्यावर गांवाच्या नांवानें गहिंवरून जाणारांस थोडें थांबविलें पाहिजे, आणि तेथें आत्रेच आमच्या मदतीस येतात. ‘गांव’ म्हणजे कोण? फडाचें पाणी थळांत जमीन असणारास मिळे. ज्यास जमीन नाहीं त्यास नाहीं. कुरण गुरें असणाराच्या उपयोगाचें. ज्या महारांनीं गांवाची सीमा राखली त्यांच्या वाट्यास वेठ आली. त्यांचीं वतनें मोडण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितींत डॉ. आंबेडकरांनीं खेड्यास राज्यघटनेचा पाया मानण्याच्या मताची जी कठोर हजेरी घेतली, तिच्यामागें हाच अनुभव होता. १९५९ सालीं दादासाहेब गायकवाडांनीं भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हां पडीक आणि गायरान जमिनीची मागणी पुढें आली, ती लोभानें नव्हे. दुसरी जमीन त्यांस कोणीं ठेविलीच नव्हती. पुढें महाराष्ट्र सरकारनें १९९१ सालीं, १४ एप्रिल १९९० पूर्वींचीं अशीं कांहीं अतिक्रमणें नियमित करण्याचा निर्णय घेतला. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला, तेव्हां भूमिहीनांस किंवा अनुसूचित जातीजमातींस सरकारनें रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद त्यानेंहि मनांत ठेविला. आमचा दुसरा विद्यार्थी ‘जिच्यावर अतिक्रमण होतें ती’ असें म्हणाला आणि वर्ग हंसला. पण त्या हंसण्यांत जो मुलगा सामील झाला नाहीं त्याचा चेहरा आम्हीं पाहिला होता. धनदांडग्याची बंगली आणि भूमिहीनाची बाजरी या दोहोंस एकच शब्द लावणारी भाषा न्यायाची भाषा नव्हे.

आत्र्यांच्या दृष्टीस येथेंच मोठा अंधार आहे. १९११ सालीं ‘गुन्हेगार जाती’ लिहिणाऱ्या या लेखकास भटक्यांकडे पाहतांना खात्याचा चष्मा उतरवितां आला नाहीं. मेंढरें घेऊन येणारा, झाडपाला घेऊन फिरणारा, हा त्यांस कुणब्यावरचा भार दिसतो. त्या माणसाचाहि कांहीं वहिवाटीचा हक्क असूं शकेल, शेतांत बसविलेल्या मेंढरांच्या खतानें तो कुणब्यास कांहीं देतहि असेल, हा विचार हिशेबाबाहेर राहिला. डोंगरांतील भिल्ल आणि कोंकणे यांचें जंगलाशीं नातें तर त्या सपाटीवरच्या गाड्यांत बसतच नाहीं. बागलाणाच्या पश्चिमेकडील कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. तेथें हा प्रश्न पुस्तकांतला नाहीं.

२००६ सालीं वनहक्क कायदा झाला आणि त्यानें प्रथमच असें मान्य केलें कीं वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा गांवास २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर सामुदायिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं आपला बांबू आपल्या पासावर विकण्याचा अधिकारहि मिळाला. तेथें निर्णय सर्वानुमतें घेण्याची चाल आहे. एकाचा विरोध असला तरी पुन्हां बसावयाचें. उलट आमच्याच जिल्ह्यांतून मार्च २०१८ मध्यें हजारों शेतकरी नाशिकाहून मुंबईस पायीं गेले, त्यांत वनजमिनीचे दावे अडकून पडलेले आदिवासी पुष्कळ होते. कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला असें होत नाहीं. त्यांच्या पायांचे फोड सर्व महाराष्ट्रानें पाहिले.

या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट अशी आहे कीं साहित्याच्या अध्यापकानें तिकडे अवश्य लक्ष द्यावें. दाव्याचा पुरावा म्हणून गांवांतील वृद्धांचें लिहून घेतलेलें निवेदन चालतें. म्हणजे झऱ्याचें नांव, चराईची वाट, देवराईची हद्द, हें ज्यास सांगतां येतें त्याचा शब्द कागदाच्या बरोबरीस येतो. आणि ज्या गांवांत तें सांगणारें तोंड उरलें नाहीं तेथें हक्कहि सिद्ध होणें अवघड. ‘गांवगाड्या’ची आजची किंमत आम्हांस येथें दिसते. त्यांतील निष्कर्ष जुने झाले. त्यांतील शब्द अजून साक्ष देऊं शकतात. मात्र त्या साक्षींत पाटकऱ्याची, मेंढपाळाची, वेठ करणाऱ्या महाराची आणि भिल्लाची साक्ष जोडावी लागेल. ‘गांवगाड्या’चा तो उत्तरार्ध अजून कोणीं लिहिलेला नाहीं, आणि तो चावडींत बसून लिहितां येणार नाहीं.

सटाण्यांत एका महसूल अधिकाऱ्याचें देऊळ आहे. यशवंतराव भोसेकर हे येथें मामलेदार होते; १८७०–७१ च्या दुष्काळांत त्यांनीं सरकारी खजिना लोकांसाठीं खुला केला असें सांगतात, आणि लोकांनीं त्यांस देवमामलेदार केलें. आमच्या गांवानें खात्यांतल्या माणसांपैकीं देव केला तो नेमका ज्यानें खात्याची वही क्षणभर मिटली त्यास. आत्र्यांनीं वही मिटली नाहीं. ती त्यांनीं प्रामाणिकपणें भरली, आणि तेंहि काम लहान नव्हे. पुढच्या सत्रीं आम्ही वर्गांत ‘गांवगाडा’ लावणार आहों. विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणार आहों कीं प्रत्येकानें आपल्या गांवच्या गायरानाचा गट नंबर, त्याची आजची स्थिति आणि तेथें पूर्वीं कोणाचीं गुरें चरत, हें घरच्या वृद्धांस विचारून लिहून आणावें. ज्यांच्या घरीं गुरें नव्हतीं त्यांनीं तेंहि लिहावें.