विटांचा फुटबॉल

आमच्या चिरंजिवांनी गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे पैशाखेरीज काही मागितलेले नाही. आणि पैसेसुद्धा तो मागतो ते शेजारच्या खोलीतून, मोबाइलवर निरोप पाठवून. त्यामुळे परवा रात्री तो स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, एक खेळ घ्यायचाय. पण तो दोघांनी खेळायचा असतो," तेव्हा मी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवले. आमच्या सौ.ने स्वयंपाकघरात गॅस बारीक केला.

खेळ म्हणजे टेबलावरचा फुटबॉल. दांड्यांना माणसे अडकवलेली असतात, दांडी फिरवली की माणूस लाथ मारतो. फक्त हा खेळ लेगोच्या विटांचा. म्हणजे पैसे आपण द्यायचे, बांधकामही आपणच करायचे आणि मग खेळायचे. २०२२ साली तो निघाला. तुकडे २३३९. तेव्हा किंमत अमेरिकेत २४९.९९ डॉलर होती. पूर्वी बाटाच्या जोड्यावर असे नव्व्याण्णव पैसे असत, तेव्हापासून मी या आकड्याला भितो. आपल्या पैशात वीस हजारांच्या वर! लोहाऱ्यात राहून यवतमाळच्या शाखेत सायकलने जाणाऱ्या कारकुनाने या आकड्याला कसे सामोरे जावे, हे बी. कॉम.ला शिकवत नाहीत. मी भागाकार केला. एक तुकडा नऊ-साडेनऊ रुपयांना पडतो. एवढ्यात एक चहा येतो, आणि चहा बांधावा लागत नाही.

तरी 'नाही' म्हणवेना. जूनमध्ये चिरंजीव अकरावीला नागपूरला जाणार आहेत. दोघांनी खेळायचा खेळ मागायला त्याने नेमके हेच वर्ष निवडले, याचा मी उगाच अर्थ लावत बसलो.

या खेळाचे मूळही दिवाळीत होते. आम्ही पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. भाचा संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्या घरी हा खोका न फोडलेला पडला होता. तीन संध्याकाळी भाचा, चिरंजीव आणि मी सतरंजीवर मांडी घालून बसलो. मी पिशव्या फोडून तुकडे रंगाप्रमाणे लावले. नोटांच्या गड्ड्या लावण्यात माझी हयात गेली, ती विद्या प्रथमच घरच्यांसमोर उपयोगी पडली. "बाबा, ती लांब करडी द्या." "ही?" "नाही, तिची बहीण." एवढाच संवाद, पण तीन दिवसांत तो आमच्या वर्षाच्या सरासरीच्या वर गेला.

तिसऱ्या रात्री बांधकाम संपले आणि चार-पाच बारीक तुकडे उरले. मला घाम फुटला. कॅश कमी भरली तर खिशातून घालता येते; जास्त भरली तर रात्रभर झोप नाही! सगळे उकलून पुन्हा ताळा करू, असे मी म्हणू लागलो. भाचा हसून म्हणाला, "मामा, बारीक तुकडे ते जास्तीचेच देतात. हरवतात म्हणून." ग्राहकाला जास्त देऊन वर त्याची कबुलीही देणारा धंदा मी प्रथमच पाहिला.

तेव्हा बांधण्याच्या खात्यावर माझे पूर्ण जमा. हा शोध मुळात एका सुताराचा. ओले कर्क ख्रिस्तियान्सन नावाचा डेन्मार्कमधला सुतार १९३२ साली बिलुंड गावी लाकडी खेळणी करू लागला. पुढे प्लॅस्टिक आले आणि आजची एकमेकींना घट्ट धरणारी वीट १९५८ साली आली. आठ-आठ गुंड्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी जोडता येतात, असा हिशेब आहे. आमच्या शाखेतही सहाच माणसे आहेत. ती एकदाच जोडली गेली, ऑडिटच्या आदल्या दिवशी.

आता खेळण्याचे खाते. 'लेगो' हे नाव ज्या डॅनिश शब्दांवरून आले त्यांचा अर्थ 'छान खेळ' असा आहे. तोच निकष लावू. मैदान साधारण चाळीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद. म्हणजे आमच्या जुन्या लेजरपेक्षा फार मोठे नाही. क्लबातल्या मोठ्या टेबलावर एकेका बाजूला अकरा माणसे असतात, इथे पाच. खोक्यात माणसे बावीस मिळतात, हवे तसे केस आणि चेहरे बसवता येतात. पण एका वेळी खेळतात दहाच, बाकीची बारा राखीव. सरकारी खात्याची आठवण होते. दोन मोठी माणसे समोरासमोर बसली की चेंडूपेक्षा एकमेकांची बोटेच जास्त भेटतात.

मुळात अडचण जातीची आहे. बुद्धिबळाला जोर लागत नाही. घोडा विटांचा असो की हस्तिदंताचा, अडीच घरेच चालतो. याच कंपनीने २०१७ साली १४५० तुकड्यांचा बुद्धिबळाचा डाव काढला होता. तसली वस्तू मला पटते. पण ज्या खेळात आपटणे, ढकलणे, ठोकणे आहे, तिथे मूळ वस्तू एकसंध आणि जड हवी. उद्या कुणी विटांचा कॅरम काढला, तर त्या गुंड्यांवरून स्ट्रायकर कसा घसरणार? आमच्या कॅरमची आतली पाटी एकोणतीस इंचांची, त्यावर बोरिक पावडर, आणि वीस वर्षे तिच्यावर मुठी आपटून झाल्या आहेत.

ही शंका मी आमच्या गल्लीतल्या सुतारभाऊंपुढे मांडली. एका सुताराच्या मालाची परीक्षा दुसऱ्या सुतारानेच करावी. मोबाइलवरचे चित्र त्यांनी लांब धरून पाहिले, किंमत ऐकली आणि म्हणाले, "साहेब, इतक्या पैशात त मी तुमाले सागाचा दिवान करून देतो. वरून पोट्टे नाचले तरी हालनार नाही." यवतमाळच्या माणसापुढे सागवानाचा दाखला आला की वाद संपतो.

शेवटी राहिले सांभाळण्याचे खाते. बांधून झाले की ही वस्तू कपाटावर जाते, तिच्यावर धूळ बसते आणि दोन हजार गुंड्यांमधली धूळ पुसणे सौ.कडे येते. हा घसारा कोणत्याही ताळेबंदात दाखवत नाहीत.

तेव्हा निकाल असा. फुटबॉल खेळायचा म्हणून हा संच घेऊ नये. त्या पैशात खरा चेंडू आणि वर्षभराचे गुडघ्याचे मलम येईल. तीन संध्याकाळी कुणाबरोबर तरी जमिनीवर बसायचे असेल आणि वीस हजार जड नसतील, तर जरूर घ्यावा. मला जड आहेत. नागपूरच्या वसतिगृहाचा पहिला हप्ता साधारण तेवढाच येईल.

चिरंजिवांना मी हे सगळे खाती पाडून समजावले. तो शांतपणे म्हणाला, "मला माहीत होतं, तुम्ही नाही म्हणणार." आणि उठला. मला काय सुचले कोण जाणे, मी सौ.कडे चिंचोके मागितले. दोन चिंचोके घासून फोडले, चार डाळी केल्या, खडूने फरशीवर पाच बाय पाच घरे आखली आणि अष्टचंगाचा पट मांडला. चारही पांढऱ्या पडल्या तर चंग, चारही काळ्या पडल्या तर अष्टा. बांधकामाला लागलेला वेळ पाच मिनिटे, एकूण तुकडे चार, शिल्लक शून्य.

"हे काय लावलं बाबा?" म्हणत तो टेकला, तो साडेअकरापर्यंत उठला नाही. माझी शेवटची सोंगटी आत शिरायला एक घर उरले असताना त्याने ती मारली आणि असा ओरडला की शेजारचे सुतारभाऊ खिडकीत आले.

सकाळी सौ. फरशी पुसायला वाकली तेव्हा आम्ही दोघे एकदमच ओरडलो, "पुसू नको!"

तेवढ्या चौकोनावरची धूळ अजून तशीच आहे. सांभाळण्याचे खाते, म्हणतात, ते हेच.